झाडूपासून कुंचल्यापर्यंत : मिथिलेच्या दुलारीदेवी

लोककला ही साऱ्या लोकांची, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु ज्या समाजात पाणवठेही जातीजातींत वाटले गेले, तेथे कला तरी मोकळी कशी राहणार? बिहारमधील मधुबनीची चित्रकला हे याचे बोलके उदाहरण होय.

मिथिलेत लग्नघरी कोहबर म्हणजे नवदांपत्याची खोली असते. तिच्या भिंती स्त्रिया रंगवीत. काळ्या रेषेच्या आत ठसठशीत रंग भरण्याची ‘भरनी’ शैली ब्राह्मण स्त्रियांची, तर बारीक रेघांनी आकृती भरण्याची ‘कचनी’ कायस्थ स्त्रियांची म्हणून ओळखली गेली. १९६६-६७ च्या दुष्काळात लोकांना चार पैसे मिळावेत म्हणून अखिल भारतीय हस्तकला मंडळाने मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तेथे पाठविले. त्यांनी स्त्रियांच्या हाती कागद दिला. भिंत ज्याच्या त्याच्या घराची असते; कागद मात्र कोणाच्याही हाती येऊ शकतो. पुढे दुसाध या अनुसूचित जातीतील स्त्रियांनी अंगावरील गोंदणाच्या नक्षीतून ‘गोदना’ शैली कागदावर आणली. तिच्यातील शांतीदेवी व शिवन पासवान या दांपत्यास २०२४ साली पद्मश्री मिळाली.

याच मिथिलेतील रांटी गावी दुलारीदेवींचा जन्म मल्लाह या मच्छीमार समाजात झाला. शाळा नशिबी नव्हती. बालवयात लग्न झाले. सहा महिन्यांची मुलगी दगावली आणि त्या माहेरी परतल्या. पोटासाठी लोकांच्या घरी झाडलोट व भांडी घासू लागल्या. त्यांतच महासुंदरी देवी व कर्पूरी देवी या नामांकित कायस्थ चित्रकर्तींचे घर होते. तेथील चित्रे पाहून दुलारीदेवी घरी मातीत काडीने रेघा ओढीत. त्यांची ओढ पाहून या दोघींनी त्यांना शिकविले, हेही नमूद केले पाहिजे. एरवी फक्त सही करता येणाऱ्या या बाईंनी कचनी व भरनी या दोन्ही शैली आत्मसात केल्या, पुढे अनेक मुलामुलींना शिकविले, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आम्हांस याहून मोठी वाटते ती त्यांच्या विषयांची निवड. देवादिकांबरोबरच त्यांनी जाळे टाकणारे मल्लाह, शेतात राबणारी माणसे रंगविली. जी माणसे चित्राच्या बाहेर होती, ती चित्रात आली. पाटण्याच्या मालविका राज यांनी तर मधुबनी शैलीत भगवान बुद्धांचे जीवन व बाबासाहेब रंगविले.

एका पद्मश्रीने जातिभेद संपत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु कला ही जातीच्या रक्तात नसते, ती शिकण्याने येते, हे दुलारीदेवींनी आपल्या हातांनी सिद्ध केले. आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींनी एवढे ध्यानी घ्यावे की, बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हटले ते केवळ पुस्तकापुरते नव्हे. हाती कुंचला घ्या, आणि आपल्या आजी-आजोबांचे कष्ट प्रथम रंगवा. ते आपणच रंगविले पाहिजेत.