थापटण्याच्या खुणा

संत गोरोबाकाका कुंभारांनी तेरला जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे निघाले, ही कथा महाराष्ट्रात कुणाला ठाऊक नाही? पण हे थापटणे एरवी करते तरी काय?

चाकावरून उतरलेल्या मडक्याची भिंत जाड असते आणि त्याला बूडही नसते. ते जरा सुकले, की कुंभार आतून गोल गोटा धरतो आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत जातो. दर थापेला माती दबते, पसरते. भिंत पातळ होते, पोट फुगते आणि बूड हळूहळू मिटते. चाकाला जे साधत नाही, ते एक फळी आणि एक दगड साधतात!

जुनी अवजारे जमवणाऱ्यांना लोखंड सापडते, लाकूड मात्र कुजून जाते. पण मडक्याची बाहेरची बाजू सारवून गुळगुळीत केली, तरी आतून कोण बघतो? तिथे गोट्याचे उथळ खळगे तसेच राहतात आणि भट्टीत पक्के होतात. अवजार मातीला मिळते, त्याची खूण खापरावर उरते.

अशी खापरे बघायला तेरच गाठावे. धाराशिव जिल्ह्यातले हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ते पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. इथला माल गाड्यांतून भडोच बंदराला जाई. गावातल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर सापडणाऱ्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी हौसेने जमवल्या आणि त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज तिथे उभे आहे. त्यातल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य थेट इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी आहे, आणि पाँपेई तर इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडले गेले! तिथल्याच पांढऱ्या मातीच्या बाहुल्या दोन साच्यांत दाबून, मग जोडून केलेल्या. म्हणून आतून पोकळ.

पांढरीत सापडलेली वस्तू परस्पर विकायची सोय मात्र नाही. १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. खापराला तसेही गिऱ्हाईक कमीच. पण कारागिराचा हात कसा चालला, हे त्याच्याइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही. संग्रहालयात गेलात तर नक्षी बघून झाल्यावर फुटक्या मडक्याच्या आत डोकावा.