महिन्याला एक शिलिंग

'क्रमशः' हा शब्द तुम्हाला आवडतो का? खरं सांगा हं! आमच्या चौथीच्या वर्गात शनिवारी शेवटच्या तासाला मी एक मोठी गोष्ट थोडी थोडी वाचून दाखवते. अगदी रंगात आलं की नेमकी घंटा होते. मग सगळ्यांचा एकच गलका, "बाई, पुढे काय झालं ते तरी सांगा ना!" मी पुस्तक मिटते आणि हसते. एकदा पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं मात्र वेगळंच विचारलं. "बाई, लिहिणाऱ्याला तरी पुढचं माहीत असतं का?"

"असतं की! त्याशिवाय कसं लिहिणार?" मी सांगून टाकलं. पण घरी पोहोचेपर्यंत मलाच चुटपुट लागली. कारण एक लेखक असे होते की, वाचक पाचवा भाग वाचत असायचे तेव्हा सहावा भाग कागदावर उतरलेलाही नसायचा. चार्ल्स डिकन्स त्यांचं नाव. 'ऑलिव्हर ट्विस्ट' या अनाथ मुलाची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. ती त्यांचीच.

डिकन्स यांच्या काळात, म्हणजे सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी, इंग्लंडमध्ये नवी कादंबरी तीन जाडजूड खंडांत यायची आणि तिची किंमत असायची साडेएकतीस शिलिंग. कारखान्यात राबणाऱ्या माणसानं ती घ्यायची कशी? मग १८३६ साली डिकन्स यांची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी तुकड्या-तुकड्यांनी निघू लागली. दर महिन्याला बत्तीस पानांचं एक पातळ पुस्तक, वर हिरवट रंगाचं कव्हर, आत चित्रं, पुढेमागे जाहिराती आणि किंमत फक्त एक शिलिंग! पहिला भाग हजारभरच छापला होता. कादंबरी संपेपर्यंत महिन्याला चाळीस हजार प्रती खपू लागल्या.

ज्यांना एक शिलिंगही जड होता, त्यांनी आपली युक्ती काढली. लंडनमध्ये तपकिरीच्या एका दुकानाच्या वर बरेच भाडेकरू राहत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुकानाचा मालक सर्वांना जमवून डिकन्स यांच्या 'डॉम्बी अँड सन' या कादंबरीचा नवा भाग मोठ्यानं वाचून दाखवी. वर्गणी देणाऱ्यांना चहा मिळे, न देणाऱ्यांना चहा नाही, पण गोष्ट मात्र फुकट! आपल्याकडे देवळात पोथी ऐकायला जमतात ना, तसंच. तिथे राहणारी एक मोलकरीण लिहा-वाचायला शिकलेली नव्हती, पण एकही सोमवार चुकवत नसे. हे सगळं एकाच माणसानं लिहिलंय हे कळल्यावर ती थक्क झाली. तिला वाटलं होतं, तीन-चार जण मिळून लिहीत असतील!

(आपल्याकडेही पुढे हे घडलं बरं का. हरी नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' नावाचं साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यात क्रमशः दिली.)

आता तुम्ही म्हणाल, डिकन्स घरी बसून काय करायचे हे तुम्हाला कसं कळलं? तर जॉन फॉर्स्टर नावाचे त्यांचे एक जिवलग मित्र होते. डिकन्स त्यांना सारखी पत्रं लिहीत. कादंबरी कुठवर आली, कुठे अडली, कुठलं नाटक पाहिलं, कुठे भटकलो, सगळा हालहवाल त्यात असे. फॉर्स्टर यांनी ही पत्रं जपून ठेवली आणि पुढे डिकन्स यांचं चरित्र लिहिताना वापरली. त्यांतून आपण एकाच कादंबरीचे महिने पाहू या. कादंबरीचं नाव 'डेव्हिड कॉपरफिल्ड'. पहिला भाग मे १८४९, शेवटचा नोव्हेंबर १८५०. एकोणीस महिने आणि शेवटच्या महिन्यात दोन भाग एकदम.

रोज सकाळी नऊच्या सुमारास डिकन्स लिहायला बसत आणि दुपारी दोनपर्यंत उठत नसत. टेबलावर काही वस्तू ठरलेल्या जागी लागत. त्यांत तलवारींनी लढणाऱ्या दोन बेडकांची एक पितळी मूर्तीही होती! प्रत्येक भागासाठी ते एक कागद घेत. डाव्या बाजूला मनात येतील ते प्रश्न, अमक्याला या भागात आणायचं का, तमकीचं काय करायचं. उत्तरंही स्वतःच लिहायची : हो, नाही, अजून नाही. उजव्या बाजूला प्रकरणांची नावं. हे कागद आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. एवढा मोठा लेखक, पण आपल्यासारखाच कच्चं काम करतो हे वाचून मला फार बरं वाटलं.

त्यांच्या मुलीनं एक गंमत लिहून ठेवली आहे. ती आजारातून उठत होती, म्हणून वडिलांनी तिला आपल्या खोलीतल्या कोचावर झोपायची परवानगी दिली. ते लिहीत होते. एकदम उठले, आरशासमोर धावले, तोंडं वेडीवाकडी केली, परत येऊन भराभर लिहिलं. पुन्हा आरसा, पुन्हा लिहिणं. मग हळू आवाजात स्वतःशीच बोलणं. लिहीत असलेलं पात्र आधी स्वतःच्या चेहऱ्यावर आणून बघत होते ते!

दोन वाजले की पायांत बूट आणि बाहेर. दहा-बारा मैल चालणं म्हणजे त्यांना काहीच नव्हतं. १८५७ साली एकदा झोप येईना, तर मध्यरात्र उलटल्यावर उठून ते लंडनहून तीस मैलांवरच्या आपल्या गावाकडच्या घरी चालत गेले. १८५१ च्या जनगणनेत लंडनची वस्ती तेवीस लाखांहून जास्त भरली होती. कोळशाचा धूर, चिखल, घोडागाड्या, नदीकाठचे धक्के, दिव्याखाली झोपलेली बेघर माणसं, हे सारं ते पायी पाहत आणि तिथूनच त्यांची पात्रं येत.

त्या शहरातली एक जागा मात्र अशी होती की, तिच्याबद्दल ते घरातही बोलत नसत. डिकन्स बारा वर्षांचा होता तेव्हा कर्ज फेडता न आल्यामुळे त्याच्या वडिलांना मार्शलसी नावाच्या तुरुंगात टाकलं. चार्ल्सला शाळेऐवजी टेम्स नदीकाठच्या एका पडक्या गोदामात कामाला जावं लागलं. गोदामात उंदीर पळत. दिवसाचे दहा तास बुटाच्या काळ्या पॉलिशच्या डब्यांवर कागद बांधायचे आणि लेबलं चिकटवायची. आठवड्याला मिळायचे सहा-सात शिलिंग. मोठं नाव झाल्यावरही डिकन्स यांनी हे आपल्या मुलांना सांगितलं नाही. ऑगस्ट १८४९ च्या चौथ्या भागात त्यांनी ते लिहिलं, पण डेव्हिडच्या नावानं. पॉलिशच्या डब्यांच्या जागी दारूच्या बाटल्या घातल्या, एवढंच. हजारो लोकांनी ते वाचलं आणि छोट्या डेव्हिडसाठी डोळे पुसले. तो मुलगा खुद्द लेखकच होता, हे त्यांना कळलं फॉर्स्टर यांचं चरित्र आल्यावर. तेव्हा डिकन्स या जगात नव्हते.

पण म्हणून हा माणूस सुतकी चेहऱ्याचा होता असं समजू नका! नाटकाचं त्यांना वेडच होतं. विशीत ते जवळजवळ रोज रात्री नाटकाला जात. नट व्हायचंही ठरवलं होतं, पण ज्या दिवशी परीक्षा द्यायची त्याच दिवशी जबरदस्त सर्दी झाली. (ती सर्दी झाली नसती तर? करा विचार!) आणि दुसरा नाद जादूचा. मुलांच्या पार्ट्यांत ते पाहुण्याची हॅट मागून घेत, तिच्यात कच्चं पीठ, कच्ची अंडी ओतत आणि वाफाळतं पुडिंग बाहेर काढत. हॅट कोरडीच्या कोरडी! १८४९ च्या उन्हाळ्यात समुद्रकाठी बाँचर्च गावी राहायला गेले असताना तर त्यांनी तोंड रंगवून, झगा घालून 'ऱ्हिया ऱ्हामा ऱ्हूस' असं हिंदुस्थानी वाटेलसं नाव घेतलं आणि जादूचे प्रयोग केले. आपल्या नावाची अशी थट्टा वाचून मला आधी हसू आलं, मग थोडं खटकलंही.

थट्टेवरून आठवलं. आता सांगते ती गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

१३ नोव्हेंबर १८४९ रोजी लंडनमध्ये एका नवरा-बायकोला खुनाबद्दल जाहीर फाशी दिली. तेव्हा फाशी भर रस्त्यावर देत आणि लोक जत्रेसारखे जमत. डिकन्स तिथे गेले होते. जमलेली माणसं हसत होती, शिट्या वाजवत होती, अचकट-विचकट बोलत होती. ते पाहून डिकन्स इतके हादरले की त्यांनी 'टाइम्स' वर्तमानपत्राला पत्र लिहून अशा जाहीर फाशीचा निषेध केला. दुसऱ्याच्या दुःखाला हसणाऱ्या गर्दीचा त्यांना संताप आला होता.

आणि 'कॉपरफिल्ड'चा डिसेंबरचा भाग बाहेर पडला, तेव्हा त्यात एक नवं पात्र होतं, मिस माउचर. उंचीनं अगदी लहान, अंगानं बेढब, घरोघर जाऊन श्रीमंतांचे केस-बिस नीट करणारी, अखंड बडबड करणारी बाई. वाचकांची हसून पुरेवाट झाली. एक जण मात्र हसली नाही. डिकन्स यांच्या घराजवळच एक ठेंगणी बाई राहत असे. लोकांच्या पायांची कुरुपं काढणं, नखांची निगा राखणं हा तिचा धंदा. तिनं तो भाग वाचला आणि स्वतःला ओळखलं. आजूबाजूच्यांनीही ओळखलं. तिनं डिकन्स यांना पत्र लिहिलं. शरीराच्या व्यंगामुळे जन्मभर सोसलंच होतं, आता या लिखाणामुळे जिणंच अवघड झालं, असा त्याचा मतलब.

डिकन्स काय म्हणू शकले असते? 'ही तर कल्पना आहे, तुमचा काय संबंध?' असं म्हणून मोकळे होता आलं असतं. पण त्यांनी लगेच उत्तर दिलं. ते पात्र तिच्या एकटीवरून घेतलेलं नाही, पण काही गोष्टी तिच्याच आहेत हे कबूल केलं, झाल्याबद्दल दिलगिरी कळवली आणि त्या पात्राची सगळी आखणी बदलायचा शब्द दिला. पुस्तक पूर्ण छापून झालं असतं तर इलाज नव्हता. इथे अजून महिने शिल्लक होते!

मार्च १८५० च्या भागात मिस माउचर पुन्हा आली, ती रडत. लोक मला खेळणं समजतात म्हणून मीही चेष्टा करत पोट भरते, पण शरीरातल्या उण्यावरून माझ्या मनाची पारख करू नका, असं ती डेव्हिडला कळवळून सांगते. आणि शेवटी तर एका लबाड नोकराला पकडून देण्याचा पराक्रमही तीच करते. कादंबरी आज वाचणाऱ्याला ही बाई मध्येच एवढी कशी बदलली असं वाटतं. तिथे कथेला सांधा पडलाय खरा, पण तो दिसतो ते बरंच आहे.

पुढच्या महिन्यांत कामाचा डोंगर होता. मार्चअखेर डिकन्स यांनी 'हाउसहोल्ड वर्ड्स' हे स्वतःचं साप्ताहिकही सुरू केलं. मे महिन्यात फॉर्स्टर यांना कळवलं की डोराचं, म्हणजे डेव्हिडच्या बायकोचं, काय करायचं ते अजून ठरलेलं नाही आणि आज ठरवायलाच हवं. बघा, पहिल्या बाकावरच्या माझ्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे! बिचारी डोरा सप्टेंबरच्या भागात वारली. ऑक्टोबरमध्ये त्यांनी लिहिलं की किनारा आता फक्त तीन पानांवर आलाय आणि आनंद व्हावा की दुःख, ते कळत नाही. नोव्हेंबरमध्ये शेवटचा भाग निघाला आणि लगेच हे गृहस्थ मित्राच्या वाड्यावर नाटकात बढाईखोर कॅप्टन बॉबाडिल बनून उभे!

हे सगळं मी सोमवारी वर्गात सांगितलं. आधी म्हटलं, "परवा मी चुकीचं उत्तर दिलं होतं." मुलांना बाईंची चूक फार आवडते, त्यामुळे सगळे कान टवकारून बसले. गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरून एक हात वर आला. "बाई, पण मधेच लेखक मेला तर?"

मी सांगितलं, तसंही झालं. 'एडविन ड्रूड' नावाची रहस्यकथा डिकन्स यांनी १८७० च्या एप्रिलपासून काढली. बारा भाग ठरले होते. ९ जून १८७० ला ते गेले, तेव्हा सहाच भाग लिहून झाले होते. एडविन नावाचा तरुण नाताळच्या सुमारास नाहीसा होतो. त्याचा खून झाला की तो जिवंत आहे, यावर लोक आजवर वाद घालतात.

"म्हणजे नक्की कुणालाच माहीत नाही?"

"नाही."

एवढ्यात घंटा झाली, पण या वेळी बाकावरून कुणीच उठलं नाही. "त्याचा काका कसा होता, बाई?" एकानं विचारलं.