गाणे उरते, गाणारा हरवतो

मराठी संगीताचा इतिहास सांगायला बसले की नाट्यसंगीत, भावगीत आणि चित्रपटगीत ही ठरलेली दालने उघडली जातात. लावणी आणि पोवाडा यांना ‘लोकसंगीत’ म्हणून कोपऱ्यातला पाट मिळतो. आंबेडकरी जलसे आणि गायन पार्ट्या यांना तो पाटही मिळालेला नाही. वास्तविक ज्या माणसाला अक्षर येत नव्हते, वर्तमानपत्र परवडत नव्हते आणि सभेला जायला मजुरी बुडवावी लागत होती, त्या माणसापर्यंत चळवळ नेली ती ह्या गाण्याने. ह्या परंपरेतील जी गाणी आणि जे गायक मला आवडतात, त्यांच्याविषयी येथे थोडे सांगायचे आहे. आवडीबरोबर ती दुर्लक्षित का राहिली हेही सांगणे भाग आहे.

जलशाचे मूळ सत्यशोधक चळवळीत आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे भीमराव महामुनी यांच्यासारख्यांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात सत्यशोधकी विचार भरला. गण, गौळण, बतावणी, लावणी, वग हा तमाशाचा क्रम गावातल्या प्रत्येकाला पाठ होता. ओळखीच्या साच्यातून अनोळखी विचार लवकर पोचतो, हे ह्या मंडळींना उमगले होते.

आंबेडकरी जलशाने हा साचा उचलला. पण गाळूनच घेतला. ह्या संदर्भात एक आठवण जुनी माणसे सांगत आली आहेत. महाडच्या लढ्याच्या काळात पठ्ठे बापूराव यांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले आणि महारांच्या बाया नाचवून मिळवलेला पैसा नको, म्हणून बाबासाहेबांनी तो नाकारला. बापूराव कुळाने ब्राह्मण, आणि त्यांच्या फडाची कीर्ती वाढवणारी पवळा महार. आज बापूरावांचे नाव कवी म्हणून घेतले जाते, आणि पवळेचे नाव त्यांच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणून येते. ज्या कलेत आमची माणसे पिढ्यानपिढ्या राबली, तिच्या कीर्तीची वाटणी कशी झाली हे एवढ्यावरून कळावे. म्हणून जलशात नाच गेला, शृंगार गेला. ढोलकी, तुणतुणे, झांज आणि झीलकऱ्यांचा चढा आवाज तेवढा राहिला. वगाच्या जागी मंदिरप्रवेश, शिक्षण, दारूबंदी, मेलेल्या जनावराचे मांस सोडणे हे विषय आले.

ह्या जलसेकारांत नाशिककडच्या भीमराव कर्डकांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला. त्यानंतरच्या दशकात कर्डक आणि मंडळींचा जलसा गावोगाव फिरला. आपल्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणत, ही आठवणही सर्वतोमुखी आहे. १९७८ साली कर्डकांनी ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक स्वतः लिहून काढले. ते लिहिले नसते तर आज आपल्या हाती काय राहिले असते, याचा विचार करावा. पुढे डॉ. कृष्णा किरवले यांनी आंबेडकरी शाहिरीचा शोध घेतला तो अशाच आठवणी आणि जीर्ण पुस्तिका यांच्या आधाराने.

१९५६ च्या धर्मांतरानंतर जलसा मागे पडला. तमाशाचा साचाच नकोसा झाला होता, हे त्याचे एक कारण. गण-गौळणीच्या जागी बुद्धवंदना आणि भीमवंदना आली. ढोलकी-तुणतुण्याशेजारी पेटी, ढोलक, बेंजो, खंजिरी आले. ‘गायन पार्टी’ हे नाव रूढ झाले. कव्वालीचा सवाल-जवाब तिने आपलासा केला. दोन पार्ट्या समोरासमोर बसत आणि रात्र सरून उजाडे. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, दीनबंधू शेगावकर, राजानंद गडपायले ही नावे वस्तीतल्या जुन्या माणसाला विचारा, त्याचे डोळे चमकतात. संगीताच्या कोशात शोधा, हाती फारसे काही लागत नाही.

ह्या गाण्यांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : चाली उसन्या, बहुतेक सिनेमाच्या. आक्षेप घेणाऱ्याने गाण्याचे काम समजून घेतलेले नसते. नवी चाल शिकायला वेळ लागतो, गुरू लागतो. ओळखीच्या चालीवरचे गाणे ऐकणारा दुसऱ्या कडव्यालाच झील धरू लागतो आणि सकाळी कामावर जाताना ते गाणे त्याच्या तोंडी असते. चाल ही येथे वाहन आहे. संतांनी ओवी आणि अभंग लोकांच्या तोंडचेच घेतले होते, तेव्हा कोणी त्यांना उसनवारीचा दोष दिला नाही.

वामनदादा कर्डक हे ह्या परंपरेचे शिखर. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे. निधन १५ मे २००४. मुंबईत मजुरी करीत त्यांनी प्रौढ वयात अक्षरे गिरवली आणि पुढे हजारो गाणी लिहिली. त्यांची वंदनगीते सर्वांना पाठ आहेत. मला अधिक आवडतात ती त्यांची सवाल करणारी गाणी. एका गाण्यात ते उद्योगपतींची नावे घेऊन, देशाच्या धनातला कष्टकऱ्याचा हिस्सा कुठे गेला, असे विचारतात. दुसऱ्या एका गाण्यात टीकेचा रोख आपल्याच अनुयायांवर आहे : बाबासाहेबांच्या विचाराने चालणारी मोजकी माणसे जरी निपजली असती तरी चित्र वेगळे दिसले असते, हा त्यातला सल. जयजयकार करायला जमलेल्या गर्दीसमोर हे गाणे म्हणायला छाती लागते. मिरवणुकीच्या ध्वनिवर्धकावर ही गाणी क्वचित ऐकू येतात, यात नवल नाही.

वामनदादांची नाममुद्रा शेवटच्या कडव्यात असते. ती अलंकार म्हणून आलेली नाही. तो मालकीचा कागद आहे. एक पार्टी दुसऱ्या पार्टीचे गाणे उचलते, तेव्हा प्रथम शेवटचे कडवे गळते आणि त्याबरोबर कवी गळतो. कॅसेटच्या काळात हे फार झाले. वेष्टनावर गायकाचे नाव ठळक, कवीचे बारीक किंवा नाहीच. ढोलकीवाला, बेंजोवाला, झीलकरी यांचा तर प्रश्नच आला नाही. बाजारही आपल्याला हवे तेवढेच लक्षात ठेवतो. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज महाराष्ट्राला ठाऊक आहे तो विठ्ठलाच्या भक्तिगीतांनी. त्यांनी तितक्याच ताकदीने गायलेली भीमगीते वस्तीच्या वेशीपाशी थांबतात.

बायांची गाणी तर ह्याहूनही दूर राहिली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माजलगावच्या भीमनगरातील बायांनी १९९६ साली गायलेल्या, बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. ज्या जात्यावर विठ्ठल-रखुमाईची ओवी झाली त्याच जात्यावर बाबासाहेबांची झाली. हे परिवर्तन कोणी शिकवले नव्हते. गावोगाव पिठाची गिरणी पोचली तसे जाते थांबले आणि ओवीही थांबली.

आणखी एक नाव घेतल्यावाचून राहवत नाही. विलास घोगरे हा मुंबईच्या झोपडपट्टीतला, डाव्या चळवळीतला शाहीर. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. चार दिवसांनी घोगरे यांनी आपले जीवन संपवले. २०११ च्या ‘जय भीम कॉम्रेड’ या आनंद पटवर्धन यांच्या चित्रपटामुळे त्यांचा आवाज अनेकांनी प्रथमच ऐकला. शाहिराचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याला मरावे लागावे, ही स्थिती कोणत्याही समाजाला शोभणारी नाही.

दोष केवळ प्रस्थापितांवर ढकलून भागणार नाही. १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले ते अण्णा भाऊ साठे यांनी, म्हणजे एका शाहिराने. तरीही आपल्या समीक्षेने पुढे छापील कवितेची जेवढी चर्चा केली, तेवढी गाण्याची केली नाही. गाणे ‘प्रचारी’ ठरले. ज्यांच्यासाठी कविता लिहिली जात होती त्यांना ती वाचता येण्याआधी गाणे त्यांच्यापाशी पोचले होते, ही गोष्ट आपणच विसरलो.

तेव्हा करायचे काय? काम मोठे नाही. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका जपून ठेवाव्यात. घरातल्या कॅसेटी भंगारात घालण्यापूर्वी त्यांतले आवाज उतरवून घ्यावेत. वस्तीतल्या म्हाताऱ्या झीलकऱ्यापाशी, ओवी म्हणणाऱ्या आजीपाशी बसावे आणि प्रत्येक गाण्याखाली चार गोष्टी लिहाव्यात : कवी कोण, चाल कशावरची, साथीला कोण होते, गाणे कुठे आणि कधी म्हटले गेले. आणि गाणे म्हणताना शेवटचे कडवे गाळू नये. त्यात माणसाचे नाव असते.