बळी कुणाचा, हात कुणाचे?

क्रिकेटच्या स्कोअरबुकात एक गंमत आहे. झेल टिपला गेला की बळी गोलंदाजाच्या नावावर चढतो. तोच झेल सुटला, तर गोलंदाजाच्या आकड्यांत त्याची नोंदच नाही. उलट, जीवदान मिळालेला फलंदाज पुढं त्याला चोपून काढतो आणि त्या धावाही गोलंदाजाच्याच खात्यात पडतात. म्हणजे त्याचे म्हणून आपण जे आकडे वाचतो, त्यांत दुसऱ्यांचे हातही असतात.

एकनाथ सोलकर आठवा. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्याचा हा मुलगा. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांच्या फिरकीवर तो फॉरवर्ड शॉर्ट लेगला, बॅटच्या अगदी जवळ, हेल्मेटशिवाय उभा राहायचा. २७ कसोटींत त्यानं ५३ झेल घेतले.

ऑगस्ट १९७१. ओव्हलवर इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला आणि अजित वाडेकरांच्या संघानं इंग्लंडमधली पहिली कसोटी मालिका जिंकली. पहिल्या डावात ९० धावा काढणारा ॲलन नॉट या वेळी एका धावेवर गेला, तो सोलकरनं झेपावून घेतलेल्या झेलामुळं. बळी मात्र वेंकटराघवनचा.

मग मोठेपण सगळं क्षेत्ररक्षकाचंच का? तसंही नाही. त्याच डावात चंद्रशेखरनं ३८ धावांत ६ बळी घेतले. त्यांत एक त्रिफळाचीत, एक पायचीत आणि दोन झेल त्यानं स्वतःच घेतलेले. चार बळींना दुसऱ्या कुणाचे हात लागलेच नाहीत. आकडा असा सोडवून पाहिला की कुणाचं किती, ते कळतं.

अमेरिकी फुटबॉलमध्ये हाच प्रश्न आहे. तिथं क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, रिसीव्हर धावत जाऊन तो झेलतो. चेंडू हातातून सुटला, तरी फुकट गेलेली फेक क्वार्टरबॅकच्या नावावर लागते. टॉम ब्रेडीच्या पासवर २००६च्या मोसमात २४ टचडाउन झाले. पुढच्या वर्षी रँडी मॉस आणि वेस वेल्कर संघात आले आणि ते ५० झाले. त्यांतले २३ एकट्या मॉसचे. ब्रेडीचा हात काही एका वर्षात दुपटीनं तयार झाला नव्हता.

आता आपल्या नाशिकच्या एखाद्या मैदानावर निवड चाचणी चालू आहे, असं समजा. एका मुलीच्या नावापुढं लिहिलंय : १० षटकं, ४२ धावा, बळी नाही. तिच्या गोलंदाजीवर तीन झेल सुटले, हे कागदावर कुठंच नाही. मग तिचं नाव यादीतून गळतं. म्हणून गुणलेखकानं समासात 'झेल सुटला' एवढे दोन शब्द लिहावेत, कुणाच्या हातून तेही लिहावं, आणि निवड करणाऱ्यांनी नाव खोडण्याआधी तो समास वाचावा.