सेलची गर्दी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दसरा-दिवाळीच्या ऑनलाइन सेलमध्ये हाताशी आलेली ऑर्डर निसटली की बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं, ‘स्वस्तात घ्यायला गेलो, आता कुणाला बोलणार?’ सवलतीत घेतलं म्हणून ग्राहकाचा हक्क कमी होत नाही. पण मनात घट्ट बसलेल्या काही समजुतींमुळे लोक तक्रारच करत नाहीत, आणि विक्रेत्याच्या अपुऱ्या तयारीचा भुर्दंड स्वतः सोसतात.

गैरसमज १ : एवढी गर्दी उसळली की साइट बंद पडणारच; त्यात कुणाचा दोष?

वस्तुस्थिती : ही गर्दी पावसासारखी आपोआप येत नाही. आठवडेच्या आठवडे जाहिराती करून ती बोलावलेली असते. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टचा पहिला ‘बिग बिलियन डे’ झाला. कंपनीने दहा तासांत सुमारे ६०० कोटी रुपयांची विक्री झाल्याचं सांगितलं. पण त्याच दिवशी साइट अडखळली, अनेक वस्तू बघता बघता संपल्या, किमती बदलल्या आणि झालेल्या ऑर्डरी रद्द झाल्या. दुसऱ्याच दिवशी संस्थापक सचिन आणि बिन्नी बन्सल यांनी ग्राहकांना पत्र पाठवून तयारी कमी पडल्याची कबुली दिली आणि माफी मागितली. त्यानंतरची वर्षं पाहिली तर सेल अनेक दिवसांचे झाले, सदस्यांना आधी प्रवेश मिळू लागला, ठरावीक वेळांचे सौदे आले. गर्दी विभागता येते, तिचा अंदाजही बांधता येतो. म्हणूनच ‘गर्दी फार होती’ एवढ्यावर जबाबदारी संपत नाही.

गैरसमज २ : कार्टमध्ये टाकली म्हणजे वस्तू आपली झाली.

वस्तुस्थिती : बहुतेक ठिकाणी कार्ट म्हणजे फक्त आपली यादी. तोच शेवटचा मोबाइल एकाच वेळी शेकडो लोकांच्या कार्टमध्ये असू शकतो. साठ्यातला नग बहुधा पैसे भरण्याच्या टप्प्यावर किंवा ऑर्डर नक्की होताना आपल्या नावावर लागतो. पत्ता लिहिणं, कार्ड शोधणं, ओटीपीची वाट बघणं यात एक-दोन मिनिटं जातात, आणि नेमका तेवढ्यात माल संपतो. पत्ता आणि पैसे भरण्याची पद्धत आदल्या दिवशीच तयार ठेवली, तर ही मिनिटं वाचतात.

गैरसमज ३ : खात्यातून पैसे कापले गेले आणि ऑर्डर दिसत नाही, म्हणजे पैसे बुडाले.

वस्तुस्थिती : रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने याची मुदत बांधून दिली आहे. कार्डाने किंवा यूपीआयने ऑनलाइन खरेदी करताना पैसे वजा झाले, पण दुकानाकडे व्यवहाराची पुष्टी पोहोचलीच नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, आणि तीही ग्राहकाने न मागता मिळायला हवी. व्यवहार क्रमांक तेवढा जपून ठेवा.

गैरसमज ४ : ‘फक्त दोन शिल्लक’ असं लिहिलंय, म्हणजे दोनच असणार.

वस्तुस्थिती : असतीलही, नसतील तर ती फसवणूक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ क्लृप्त्यांची यादी आहे, आणि खोटी घाई किंवा खोटी टंचाई दाखवणं ही त्यांतलीच एक. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची २०२२ ची तत्त्वंही स्पष्ट आहेत : जाहीर केलेल्या किमतीला माल देण्याची वाजवी शक्यता नसेल तर तशी जाहिरात करू नये, आणि साठा कमी असेल तर तसं सांगावं. चार नगांच्या जोरावर लाखो लोकांना मध्यरात्री जागवायचं, हे या नियमांत बसत नाही.

गैरसमज ५ : ऑर्डर रद्द झाली, कस्टमर केअर दाद देत नाही, आता विषय संपला.

वस्तुस्थिती : खरं तर इथून सुरुवात होते. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. हेच नियम आणखी एक गोष्ट सांगतात : कंपनी स्वतः ऑर्डर रद्द करताना जो भार उचलत नाही, तो ग्राहकाने रद्द केल्यावर त्याच्याकडून वसूल करता येत नाही. तिथे काम झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचं कार्यालय बेंगळुरूला असलं तरी लातूरच्या ग्राहकाला तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. वैतागलेल्या मनःस्थितीत इंटरनेटवर सापडेल तो ‘कस्टमर केअर’ नंबर फिरवू नका. बनावट नंबर लावून बसलेले ठग याच दिवसांची वाट बघत असतात. नंबर कंपनीच्या अ‍ॅपमधूनच घ्या. फसवणूक झालीच तर लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

ऑर्डर करतानाच किमतीचा, ऑर्डर क्रमांकाचा आणि कापलेल्या रकमेचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रार उभी राहते ती या तीन पुराव्यांवर. फोनवर आवाज चढवून काही हाती लागत नाही. शिवाय पलीकडच्या मुलीने किंवा दारात आलेल्या डिलिव्हरीवाल्याने आपली ऑर्डर रद्द केलेली नसते. राग लेखी, तारीखवार आणि योग्य अधिकाऱ्याकडे गेला पाहिजे. रक्कम पाचशेची असली तरी तक्रार करा. अशा तक्रारींची नोंद होत राहिली, तरच पुढच्या सेलच्या आधी साठा आणि सर्व्हर यांचा हिशेब नीट मांडला जाईल.