'ब्रेन': फ्लॉपीत लपलेला पाहुणा

लाहोरमधल्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी १९८६ साली एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आपलं वैद्यकीय सॉफ्टवेअर फुकट कॉपी करणाऱ्यांचा माग काढायचा होता, असं ते सांगतात. त्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबरही घातले होते. आयबीएम पीसीवर पसरलेला हा पहिला व्हायरस, 'ब्रेन'.

तो पसरला कसा? त्या काळी पीसी सुरू करताना ड्राइव्हमध्ये फ्लॉपी असली, की पीसी तिचा पहिला भाग, म्हणजे बूट सेक्टर वाचायचा आणि तिथे जे असेल ते निमूटपणे चालवायचा. ब्रेनने नेमकी हीच जागा बळकावली. मूळ बूट सेक्टर त्याने दुसरीकडे हलवला आणि त्या जागेवर 'खराब' अशी खूण केली, म्हणजे तिकडे कुणी फिरकणार नाही. मग तो मेमरीत ठाण मांडून बसायचा आणि पुढे घातलेल्या ३६० केबीच्या फ्लॉपींवर स्वतःची प्रत उतरवायचा. कुणी बूट सेक्टर तपासायला गेलं, तर हा लबाड मूळची निरोगी प्रत पुढे करायचा!

नुसती माहिती साठवलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये विसरली तरी धोका होताच. 'या फ्लॉपीवरून पीसी सुरू होणार नाही' असा संदेश दिसेपर्यंत व्हायरस मेमरीत पोहोचलेला असे.

ब्रेन हार्ड डिस्कला हात लावत नसे. फ्लॉपी मंदावायची, तिचं नाव बदलून 'ब्रेन' व्हायचं, एवढंच. पण प्रती हातोहात फिरत राहिल्या आणि १९८७ मध्ये तो अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात सापडला. एकदा सोडलेला व्हायरस लिहिणाऱ्याच्याही हातात राहत नाही, तो असा.

आजच्या कॉम्प्युटरमध्ये 'सिक्युअर बूट' असतं. सुरुवातीचा प्रोग्रॅम चालवण्याआधी त्याची डिजिटल सही तपासली जाते. म्हणजे ब्रेन ज्या दारातून शिरला, तिथे आता पहारा आहे.

पण व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल येते आणि आपणच 'इन्स्टॉल' दाबतो, तेव्हा तो पहारा कामाला येत नाही. एपीके म्हणजे पत्रिका नव्हे, अ‍ॅप. पत्रिका उघडायला काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही, एवढं घरातल्या आजी-आजोबांना आजच सांगून ठेवा.