फ्रान्सचें साहाय्य : अमेरिकेस आणि पुण्यास

नंदुरबारहून नवापूरकडे जाणारी वाट आमच्या विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाची आहे. बऱ्हाणपुराहून सुरतेस जाणारा जुना व्यापारी मार्ग तो हाच. इ. स. १७७९ च्या फेब्रुवारींत कर्नल गॉडार्ड याची बंगाली फौज बऱ्हाणपूर सोडून खानदेशांतून सुमारें वीस दिवसांत सुरतेस पोहोंचली. ती इतक्या दूर कां आली, याचें एक कारण फ्रान्स देशांत शोधावें लागतें.

त्या काळीं अमेरिकेंतील तेरा वसाहती इंग्लंडशीं झगडत होत्या. दारूगोळा थोडा, आणि कागदी चलनाची किंमत रोज उतरत चाललेली. तेव्हां बेंजामिन फ्रँक्लिन हा सत्तरी उलटलेला गृहस्थ १७७६ च्या डिसेंबरांत पॅरिसला जाऊन राहिला. फ्रान्सनें गुप्तपणें मदत केली, पण उघड हात दिला नाहीं. साराटोगा येथें इंग्रज सेनापति शरण आल्याची वार्ता पोहोंचली, तेव्हां कोठें ६ फेब्रुवारी १७७८ रोजीं तह झाला. बुडत्यास सावकार कर्ज देत नाहीं. राज्यांचा व्यवहारही तसाच. हॉलंडांत जॉन अॅडम्स यास तर १७८२ पर्यंत ताटकळावें लागलें. तेथील सरकारनें नव्या राष्ट्रास मान्यता दिल्यावरच आम्सटरडॅमच्या पेढ्यांनीं पन्नास लक्ष गिल्डरांचें कर्ज उभारून दिलें.

याच फ्रान्सचा सेंट लुबिन नांवाचा मनुष्य १७७७ सालीं पुण्यास आला. पेशवेपदासाठीं झटणाऱ्या राघोबादादांस इंग्रजांनीं हाताशीं धरिलें होतें. म्हणून दरबारासही बलिष्ठ मित्र हवा होता. नाना फडणविसांनीं पाहुण्याचा मोठा सत्कार केला. अडीच हजार गोरे शिपाई व युद्धसामग्री आणूं, असें तो सांगे. परंतु फ्रँक्लिनच्या पाठीशीं त्याच्या काँग्रेसचा अधिकार होता; लुबिन हा बोलण्यांत पटाईत असा साहसी पुरुष, त्याच्या शब्दानें फ्रान्सचा राजा बांधला जात नव्हता. १७७८ सालीं तो पुणें सोडून गेला. शिपाई आले नाहींत.

नानांस भोळे म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. फ्रेंचांच्या नांवानें इंग्रजांस धाक बसावा, हाही त्यांचा हेतु असावा. धाक बसला खरा. पण त्यामुळेंच वॉरन हेस्टिंग्जनें ती फौज पश्चिमेकडे धाडण्याची त्वरा केली. १७७९ च्या जानेवारींत वडगांवीं मराठ्यांनीं मुंबईकर इंग्रजांस नमविलें, तें स्वबळावर. पुढें १७८२ च्या सालबाईच्या तहांत इंग्रजांनीं एक कलम घालून घेतलें : पोर्तुगीजांच्या जुन्या वखारींखेरीज अन्य युरोपियनांस पेशव्यांनीं आपल्या मुलखांत वखार घालूं देऊं नये, आणि त्यांच्याशीं स्नेहही ठेवूं नये.